शेवटचा हात सुटेपर्यंत

जागृतीला दोन प्रकारच्या माणसांची मनापासून चीड यायची. एक, मशीन अडलं की कारण न शोधता ते बंद करून परत चालू करणारी. आणि दुसरी, "तुला काय करायचंय त्याचं?" असं विचारणारी. वैशाखातल्या त्या गुरुवारी तिच्या वाट्याला दोन्ही आली, आणि तीही सकाळचा चहा पोटात जायच्या आधी.

पहिला कौस्तुभ. हा तिचा ऑफिसातला सीनियर, दादरचं घर सोडून वसईत फ्लॅट घेतलेला. माणूस सोन्यासारखा, पण धीर म्हणून नाही. वसईत एका बेकरीच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि तिथून टँकरचं बुकिंग चालायचं. नालासोपारा-विरारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी मोबाइलवरून पाणी मागवायचे, की टँकरवाल्याला मेसेज जायचा: अमुक सोसायटी, अमुक गेट. उन्हाळ्यात हे बंद पडलं की सेक्रेटरी लोक ऑफिसच्या नंबरवर जे काही ऐकवायचे, ते बेकरीतल्या पोरांनासुद्धा खाली ऐकू जायचं.

"मेला पुन्हा," कौस्तुभ म्हणाला. "मेन प्रोग्रॅम क्रॅश झालाय. मी परत चालू करतोय, तर होत नाही. म्हणतो, पत्ता आधीच वापरात आहे. अरे, वापरतंय कोण? तू तर मेलायस!"

"आणि सेक्रेटरी लोकांना काय दिसतंय?"

"तीच तर गंमत. 'बंद आहे' असं येत नाही. नुसतं चाक फिरतंय. जोडणी लागते, उत्तर येत नाही. सोड, मी अख्खं मशीनच बंद करून चालू करतो."

"हात लावू नकोस," जागृती म्हणाली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती खुर्चीत बसली. "मागच्या महिन्यात हेच केलंस, त्याच्या मागच्या महिन्यातही हेच केलंस. आणि मशीनवरून अजून मेसेज जातायत. ते मधेच तुटले तर अर्ध्या गाड्या भलत्याच गेटवर उभ्या राहतील."

तेवढ्यात फोन वाजला. अनुज. तिचा धाकटा भाऊ, वटारला वडिलांच्या घरात राहणारा.

"ताई, उद्या अकराला रजिस्ट्रार ऑफिस. आधार, पॅन, दोन फोटो. पाच मिनिटांचं काम आहे. आत्यालाही बोलावलंय, ओळख द्यायला."

"अनुज, मी अजून हो म्हटलेलं नाहीये."

तिकडे हसणं. "असं काय करतेस? लॉनवाल्याकडून विसार घेतलाय मी. तुला काय करायचंय त्या बावखलाचं? तू विरारला, चौथ्या मजल्यावर. वापरतेस तरी का?"

सकाळच्या चहाआधीचा दुसरा तो असा.

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. कधीकाळी कोणा पूर्वजानं खणलेलं. त्याच्यावर केळी, पानवेली, चाफा, सगळी वाडी जगायची. वटारच्या वाडीतलं हे बावखल वडिलांच्या, शंकरभाऊंच्या वाटणीचं. आई आधीच गेलेली, वडील गेल्या वर्षी गेले. वारस दोघं, अनुज आणि जागृती. लग्नाचं लॉन काढणाऱ्या एका माणसाला वाडीचा तो तुकडा हवा होता. बावखल बुजवून तिथं तो गाड्यांचं पार्किंग करणार होता. फक्त जागृतीनं हक्कसोड करून द्यायचं बाकी होतं. आणि तिला न विचारताच अनुजनं विसार घेतला होता, कारण त्यांच्याकडे आजवर कुठल्याच मुलीनं सही नाकारली नव्हती. त्याला ते विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

"उद्या बघू," म्हणून तिनं फोन ठेवला आणि सगळा राग कीबोर्डवर काढायला सुरुवात केली.

तसं ते समजायला अवघड नाही. सर्व्हर म्हणजे एका नंबरच्या खिडकीवर बसलेला प्रोग्रॅम. खिडकीचा नंबर हाच तिचा पत्ता, आणि एका खिडकीवर एकानंच बसायचं, हा नियम. जागृतीनं मशीनला विचारलं: ही खिडकी ह्या घडीला कोणाच्या हातात आहे? मशीननं गुपचूप सांगून टाकलं. मेन प्रोग्रॅम मेला होता हे खरं, पण मरण्याआधी त्यानं एक पोर जन्माला घातलं होतं. टँकरवाल्यांना मेसेज पाठवणारा तो छोटा प्रोग्रॅम, चाइल्ड प्रोसेस. तो जिवंत होता, इमानेइतबारे मेसेज पाठवत होता, आणि खिडकी त्याच्या हातात होती.

"ह्याच्या हातात? ह्याला कोणी दिली?" कौस्तुभ तिच्या खुर्चीमागे येऊन वाकला.

"कोणीच दिली नाही. जन्मताना मिळते. मूळ प्रोग्रॅमच्या हातात तेव्हा जे जे उघडं असेल, फायली, जोडण्या, खिडक्या, ते सगळं पोराच्याही हातात येतं. मागावं लागत नाही."

"पण मूळ प्रोग्रॅम तर मेला ना."

"मेला म्हणून खिडकी बंद होत नाही. शेवटचा हात सुटेपर्यंत ती उघडीच राहते. म्हणून तर चाक फिरतंय. लोक खिडकीशी येतायत, खिडकी उघडी आहे, आत बसून उत्तर देणारा नाही. आणि नवीन प्रोग्रॅमला बसायला जागा नाही, कारण ह्यानं धरून ठेवलीय."

कौस्तुभनं कपाळावर हात मारला. "पण हा बाबा तिचं करतो काय? ह्याचं काम मेसेज पाठवायचं. खिडकीकडे तो बघत पण नाही. वापरतो तरी का?"

जागृतीची बोटं थांबली. वापरतो तरी का. तासाभरात दुसऱ्यांदा तेच वाक्य, फक्त माणूस वेगळा.

"वापरत नाही," ती सावकाश म्हणाली. "नुसती धरून आहे. पण मशीनच्या लेखी वापरणं आणि धरणं ह्यात फरक नाही. हातात आहे म्हणजे आहे."

मेसेज संपेपर्यंत ती थांबली, मग तो छोटा प्रोग्रॅम बंद केला. त्याबरोबर खिडकी सुटली आणि नवा मेन प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उभा राहिला. खालच्या बेकरीतून पावाचा वास आला आणि तिला आठवलं की आपण अजून काही खाल्लं नाहीये.

"आणि उद्या परत?" कौस्तुभनं विचारलं.

"उद्या नाही होणार. हे पोर जन्मलं की मूळ प्रोग्रॅम टाकून दुसराच अंगावर चढवतं, मेसेजचा. नाव बदलतं, काम बदलतं, पण हातातलं तसंच राहतं. ते सुटावं असं वाटत असेल तर खिडकीवर आधीच एक खूण करून ठेवायची. पोर दुसरं रूप घेईल त्या क्षणी त्याच्या हातातली खिडकी आपोआप बंद. क्लोज ऑन एग्झेक म्हणतात."

"मग कर ना खूण. प्रोसेस म्हटलं की हीच शिस्त. पोरांच्या हातात काही राहूच द्यायचं नाही."

जागृतीनं ती ओळ लिहिली. छोटीशीच होती. लिहिताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाव बदलतं, काम बदलतं, दुसऱ्या रूपात जातं, आणि त्याच क्षणी हातातलं सुटतं. आमच्याकडे ह्याला लग्न म्हणतात! ही खूण आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या मुलींवर करून ठेवलीय, आणि केली कोणी ते कोणालाच माहीत नाही.

"कौस्तुभ," ती म्हणाली, "ही शिस्त प्रोग्रॅमला ठीक आहे. माणसांना लावायची नाही."

"मी कुठे लावली?" तो बिचारा खरंच गोंधळला.

संध्याकाळी ती विरारची वाट सोडून रिक्षानं वटारला गेली. नवऱ्याला, प्रीतमला, फोन करून सांगितलं. त्यानं "तुझं माहेर, तू ठरव" म्हणून नेहमीप्रमाणे हात वर केले. तो वाईट नव्हता, भांडणाला भ्यायचा इतकंच.

भ्यायची तर तीही. स्वप्नानं, अनुजच्या बायकोनं, मागच्याच आठवड्यात गोड बोलून सांगून ठेवलं होतं, "सही झाली की कसं, सणावाराला येणं-जाणं मोकळं राहतं हो ताई." म्हणजे नाही झाली तर राहणार नाही. आईवडील नसलेल्या बाईला माहेराचा उंबरा एवढाच उरतो, आणि तो त्या सहीवर ठेवला होता. जागृतीला रात्र रात्र झोप नव्हती ती ह्यामुळे.

घरात न जाता ती मागच्या वाडीत शिरली. केळींची पानं उन्हानं कडेकडेनं वाळली होती. बावखलाचं पाणी खूप खाली गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या दगडी पायरीवर यशोदाआत्या बसली होती. उद्या ओळख द्यायला म्हणून सांडोरच्या सासरहून आजच आलेली. पाय पायरीवर, पण पाण्यापासून हातभर लांब.

"आलीस गो? मला वाटलंच तू आधी इकडे येशील."

जागृती तिच्या शेजारी बसली. दोघी पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरची एक रीत होती. वैशाखात पाणी असं तळाला गेलं की एक दिवस गाळ काढायचा. घरच्या लेकी, लग्न होऊन कुठेही गेलेल्या असोत, त्या दिवशी यायच्या. पहिली टोपली लेकीनं भरायची, केळीच्या बुंध्याशी ओतायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. शंकरभाऊ दर वर्षी जागृतीला फोन करायचे. फोनवर जास्त बोलणं त्यांना जमायचं नाही. "ये. पाणी खाली गेलंय," एवढंच म्हणायचे आणि ठेवायचे. ती ऑफिसला दांडी मारून यायची, गुडघाभर चिखलात उतरायची, आणि रात्री विरारच्या बाथरूममध्ये नखांतला गाळ काढत बसायची. ह्या वर्षी फोन आला नव्हता.

"आत्या, तू का नाही कधी यायचीस गाळाला? मी लहान असल्यापासून बघतेय. बाबा तुलाही फोन करायचे."

आत्यानं पदरानं मान पुसली. "सही केली ना मी."

"म्हणजे?"

"लग्नानंतरचं पयलं वर्ष. मोठ्या भावानं, शंकरच्या वरच्यानं, बोलावलं, कागद पुढं केला. मी म्हटलं, वाचू का? तर सगळे हसले. मीपण हसले नि केली सही. वर सांजोऱ्या खाल्ल्या. मग वैशाखात बोलावणं आलं गाळाचं. साडी पण काढली नेसायला. नि मला वाटलं, आता कोणत्या तोंडानं टोपली उचलू? ज्यात माझं काय नाय, त्याचा गाळ मी कशाला काढू? नाय आले. मग कधीच नाय आले. शंकर मरेपर्यंत बोलवत होता. त्याला कळलंच नाय का येत नाय ते."

ह्याच पाण्यात केळीचा खांब धरून पोहायला शिकलेली बाई पायरीवर पाहुण्यासारखी बसली होती.

"तुला कोणी अडवलं नव्हतं गं," जागृती म्हणाली.

"नाय. कोणी नाय. दार माझ्याच हातानं ओढून घेतलं होतं मी."

शुक्रवारी अकराला वसईच्या रजिस्ट्रार ऑफिसात बाकांवर जागा नव्हती. फ्लॅट घेणारे, भाड्याचे करार करणारे, एक नवं लग्न झालेलं जोडपं. अनुज इस्त्रीचा शर्ट घालून वकिलाबरोबर उभा होता. कागद तयार होता. त्यानं ताईला खुर्ची मिळवून दिली, पाण्याची बाटली आणून दिली. तो काही राक्षस नव्हता. लहानपणी ह्याच ताईच्या पाठीवर बसून त्यानं बावखल पार केलं होतं. पण काल रात्री ती वाडीतून परस्पर निघून गेली हे त्याला कळलं होतं, आणि तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता.

नंबर आला. टेबलामागे चष्मा लावलेले अधिकारी, समोर कॅमेरा, बाजूला अंगठ्याचं यंत्र.

"ओळख देणारे कोण?"

आत्या पुढे झाली.

"ह्या बाईंना ओळखता?"

"ओळखते. माझ्या भावाची मुलगी. जागृती."

अधिकाऱ्यांनी कागदावरून नजर न काढता रोजचा प्रश्न विचारला. "तुम्ही स्वखुशीनं हक्क सोडताय ना? कोणाचा दबाव नाही?"

"दबाव आहे," जागृती म्हणाली. "आणि मी सोडत नाहीये."

अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच चष्म्यावरून वर पाहिलं. वकिलानं घाईघाईनं, "मॅडम, जरा बाहेर बोलून घेऊ," असं सुरू केलं.

"बाहेर कशाला? जे आहे ते इथेच सांगते. मला वडिलांकडून जन्मानं जे मिळालंय, ते माझ्या हातात आहे. लग्न झालं म्हणून ते सुटलेलं नाही. कायद्यानंही नाही आणि माझ्या मनानंही नाही. सही होणार नाही."

"पुढचा नंबर घ्या," अधिकारी शिपायाला म्हणाले. आणि कागद परत देता देता, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "बरोबर आहे बाई," असंही म्हणाले.

व्हरांड्यात येईपर्यंत अनुजनं दम धरला, मग फुटला. "काय तमाशा केलास! लॉनवाल्याला मी काय तोंड दाखवू? तू एक दिवस तरी त्या वाडीला पाणी लावलंयस? डास होतात, मजूर मिळत नाही, केळीला भाव नाही, हे सगळं माझ्या डोक्यावर. आणि तू विरारला एसीत बसून हक्क सांगणार! वापरत नाहीस, काही करत नाहीस, नुसती धरून बसायची!"

"हो," जागृती म्हणाली. "नुसती धरून बसणार. मी धरलंय तोवर ते बुजणार नाही, एवढंच मला करायचंय. तुझ्या डोक्यावरचं ओझं खरं आहे, त्याला मी खांदा देईन. शनिवार-रविवार माझे घे. मोटरचं बिल अर्धं माझं. पण बाबांच्या पाण्यावर गाड्या उभ्या करायला माझा हात मागू नकोस."

"आणि माहेर?" तो तडकून म्हणाला. म्हणायचं नव्हतं ते तोंडातून गेलं, हे त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं.

जागृतीला वाटलं होतं हा शब्द ऐकून आपण रडू. रडू आलं नाही, उलट पाठ ताठ झाली. "ते तुझ्या एकट्याच्या हातात कधी होतं रे? ते पाणी माझं माहेर. मी सोडेन तेव्हा ते जाईल."

अनुज आत्याकडे वळला. "आत्या, तू तरी सांग हिला. तूही सही केलीच होतीस ना? काही बिघडलं का तुझं?"

यशोदाआत्या इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"बिघडलं," ती म्हणाली. "तुझ्या बापाला कधी सांगितलं नाय, तुला सांगते. सगळं बिघडलं."

ह्या बाईनं आजवर कोणाला उलटून एक शब्द बोललेला अनुजनं ऐकला नव्हता. वकील घड्याळ बघत केव्हाच निघून गेला होता. समोर रस्त्यावर एक टँकर हॉर्न वाजवत वाट काढत होता, मागून पाणी गळत होतं.

जागृतीनं पर्समधून फोन काढला. मग ज्यांना फोन करायचा ते दोघंही समोरच उभे आहेत हे लक्षात येऊन परत ठेवला.

"रविवारी गाळ काढायचा," ती म्हणाली. "अनुज, टोपल्या माळ्यावर असतील, खाली काढून ठेव. स्वप्नाला सांग, जेवण मी करून आणते, तिनं काही करायचं नाही. यायचं नसेल तर येऊ नकोस, मी एकटी उतरेन."

तो गेटाकडे चालायला लागला. गेटाशी जाऊन थांबला, आणि पाठ न वळवता म्हणाला, "माळ्यावरच्या टोपल्या कुजल्यायत. नव्या आणाव्या लागतील."

जागृती आत्याकडे वळली. वडिलांसारखं थोडक्यात बोलायचं होतं, पण आवाज फाटलाच.

"आत्या, ये. पाणी खाली गेलंय."

"मी?" आत्या म्हणाली. "मी कुठं आता... माझं काय त्यात?"

"माझं आहे ना. त्यातली पहिली टोपली तुझी."

आत्यानं डोळे पुसले नाहीत. गेटाकडे बघून तिनं उभ्या ऑफिसाला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"अनुज! टोपल्या आणशील तर वेताच्या आण. प्लास्टिकच्या मी उचलायची नाय!"